माझ्याच हातचा जॉइंट

सीटखाली डोकं घातलं की गाडीवाल्याचं अख्खं घर कळतं. गोळ्यांची चांदी, शेंगांची टरफलं, टोलच्या पावत्या, लहान पोराचा एकच मोजा. त्या शनिवारी ज्या सीटखाली मी डोकं घातलं तिथे खडूचे तुकडे होते, केसांची एक क्लिप होती आणि दोन बारीक वायरींवर हिरव्या नायलॉन दोऱ्याची गाठ होती. खडू ताईंचे होते. गाठ माझी होती.

पाथर्डी फाट्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. 22 वर्षं झाली. त्याआधी द्वारकेजवळ एका उस्तादांच्या हाताखाली होतो. त्यांनी एक शिकवलं होतं: टेप उन्हाळ्यात पाघळतो, म्हणून जॉइंटवर टेप मारला की वरून दोरा बांधायचा. माझ्या शेजारी सीट कव्हरवाला आहे. त्याच्याकडे हिरव्या दोऱ्याचं एक भलंमोठं रीळ पडून होतं, कारण सीट कव्हरला हिरवा दोरा कोणाला लागतो? ते मी उचललं. अजून संपलेलं नाही. नाशकात हिरव्या दोऱ्यानं जॉइंट बांधणारा दुसरा कोणी असेल असं मला वाटत नाही.

ताई सकाळची शाळा सुटल्यावर आल्या होत्या. राहायला इंदिरानगरला, शाळा घोटीच्या अलीकडे. म्हणजे विल्होळी, वाडीवऱ्हे करत रोज हायवेनं जाणं-येणं. गाडी छोटी, 2019 ची, मे महिन्यात सेकंडहँड घेतलेली.

"दादा, हा फुगेवाला दिवा जातच नाहीये," त्या म्हणाल्या.

मीटरवर लाल माणूस बसलेला आणि त्याच्या तोंडापुढे गोळा. एअरबॅगची लाइट. गाडी सुरू केल्यावर ती काही सेकंद लागते आणि विझते, तशी विझायलाच हवी. जी विझत नाही तिचा अर्थ गाडीनं सिस्टिममध्ये खोट पकडली आहे. मग धडकेच्या वेळी फुगा उघडेल याची खात्री कोणी देऊ नये. ताईंनी आमच्याआधी एका ठिकाणी दाखवलं होतं. तो म्हणाला होता, दोनशे द्या, दिवाच बंद करून देतो. आमच्या धंद्याची ही तऱ्हा. पेशंटला ताप आहे ना, मग थर्मामीटर फोडा.

स्कॅनर लावला. ड्रायव्हरच्या बकलच्या स्विचमध्ये बिघाड असल्याचा कोड आला. बकल म्हणजे पट्ट्याची जीभ जिथे खटकन बसते ती लाल बटणाची डबी. तिच्यात एक छोटा स्विच असतो आणि पट्टा लावलाय की नाही हे तो आत कळवतो. पावसाळ्यात चटईखाली ओल जाते, वायरी जोडणारा कपलर हिरवा पडतो, बहुतेक तेवढंच असेल असं धरून मी बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि थोडा वेळ थांबलो. एअरबॅगच्या कामात हे थांबणं चुकवायचं नाही, कारण बॅटरी काढली तरी आतल्या डब्यात थोडा करंट साठलेला असतो. मग सीटचे चार नट सोडले, सीट मागे कलती केली आणि टॉर्च मारला.

माझा भाचा माझ्याकडे काम शिकतो. त्यानं माझ्याआधी पाहिलं आणि जोरात म्हणाला, "मामा, हा तर आपला दोरा!"

ताई शेजारीच उभ्या होत्या. "आपला म्हणजे?"

खरं सांगतो, पोरगा ओरडला नसता तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. दोरा कापून खिशात घातला असता आणि 'ओल गेली होती' म्हणालो असतो, हेही शक्य आहे.

गाडी कोणाची ते मला तेवढ्यात आठवलं. दिंडोरीकडचे एक आबा आहेत, द्राक्षवाले. माझं जुनं गिऱ्हाईक, माणूस लाख मोलाचा, पावसाळ्यात दुकानात पाणी शिरलं तेव्हा ट्रॅक्टर घेऊन आलेला. गाडी घेतल्यावर चार महिन्यांनी आले आणि म्हणाले, "हे टुंग टुंग बंद कर बाबा. डोकं उठतं."

मी विचारलं होतं, पट्टा लावत नाही का?

"घरून मळ्यात जायचं, मधे तीन फाटकं. उतर, उघड, चढ, पुढे घे, उतर, लाव. दर वेळी पट्टा लावू? आणि जीव माझा, गाडी माझी, पैसे माझे. मी काय लहान पोर आहे?"

यातलं फाटकांचं मला पटतं, आजही पटतं. मळ्याच्या वाटेवर पहिल्या गिअरमध्ये चाललेल्या माणसावर गाडीनं ओरडू नये. पण तीच गाडी घेऊन आबा पिंपळगावच्या मार्केटला हायवेनं जायचे, तिथे कुठलं फाटक होतं?

हे काम तेव्हा माझ्याकडे खूप यायचं. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटसाठी पट्टा न लावल्यास वाजणारा हा बझर सक्तीचा झाला. त्यासोबत ड्रायव्हरचा एअरबॅग, 80 च्या पुढे गेलं की वाजणारा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सरही आले. त्या दिवाळीपासून लोक नवी कोरी गाडी पेढ्यांसकट माझ्याकडे आणायचे आणि पहिलं काम हेच सांगायचे. ज्यांना वायर तोडायची भीती वाटायची ते ऑनलाइन क्लिप मागवायचे. नुसती पट्ट्याची जीभ, पट्ट्याशिवाय. डबीत खुपसली की गाडी समजते माणूस बांधलेला आहे. काहींवर गाडीच्या कंपनीचं चिन्हही असायचं. देवाच्या मूर्तीशेजारी ती क्लिप चमकत असलेली मी पाहिली आहे.

4 सप्टेंबर 2022 ला उद्योगपती सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडीच्या अपघातात गेले. मागच्या सीटवरचे दोघे गेले आणि त्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे काही आठवडे माझ्याकडे कोणीच बझर बंद करायला आलं नाही, उलट मागचे पट्टे सीट कव्हरखाली गाडले गेलेत ते काढून द्या म्हणून लोक आले. मग हळूहळू सगळं पहिल्यासारखं झालं. 2023 च्या मे महिन्यात ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना दणका दिला आणि क्लिपच्या विक्रीच्या 13,118 ऑनलाइन नोंदी उतरवल्या गेल्या. चांगलं झालं. पण ज्यांना क्लिप मिळेना ते वायर तोडायला परत माझ्याच दारात आले! तोवर मी ते काम सोडलं होतं.

सोडलं ते काही मोठ्या विचारानं नाही. आमच्या लायनीतच एक डेंटिंगवाला आहे, त्याच्याकडे राहुड घाटातून एक गाडी उचलून आणली होती. पुढची काच ड्रायव्हरच्या डोक्याच्या उंचीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी फुटलेली. त्यानं मला पट्टा ओढायला सांगितला. हलेना. धडकेच्या क्षणी पट्ट्याच्या रिळात बारुदीचा छोटा बार उडतो आणि पट्टा आवळला जातो. माणसानं लावलेला असेल तर तो बाहेर आलेल्या लांबीवर अडकतो. हा पट्टा खांबाला चिकटून, पूर्ण आत अडकलेला होता. आणि डबीत क्लिप. गाडीवाल्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

तर मी ताईंना सांगितलं. म्हणालो, आधीच्या मालकांच्या सांगण्यावरून हा जॉइंट मीच मारलाय. काही गाड्यांत बकलची वायर तोडली की बझर गप्प होतो, काम संपलं. या मॉडेलमध्ये ती वायर थेट एअरबॅगच्या कॉम्प्युटरला जाते. नुसती तोडली तर लाल लाइट येते. म्हणून मी बाहेरून एक रेझिस्टन्स बसवला होता, की कॉम्प्युटरला कायम वाटावं पट्टा लावलेलाच आहे. चार-पाच वर्षं त्याला तसंच वाटत राहिलं. यंदा ओल गेली, सीट पुढे-मागे करताना वायर ताणली, सोल्डरला तडा गेला, तांबं हिरवं पडलं. आता कॉम्प्युटरला काहीच कळेना, म्हणून त्यानं दिवा लावला.

ताईंनी सगळं शांतपणे ऐकलं. शिक्षक ऐकतात तसं, आता हा कुठे चुकतोय ते बघू, अशा चेहऱ्यानं.

"मी तर रोज पट्टा लावते," त्या म्हणाल्या. "माझ्या बाजूला कधी वाजत नाही म्हणून मी गाडी विकणाऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, या मॉडेलला फक्त शेजारच्या सीटला असतो. आमच्या शाळेतल्या दुसऱ्या बाई बसतात, त्यांच्या बाजूला वाजतो ना."

मी काय बोलणार? इतकी वर्षं माझ्या डोक्यात हिशोब सरळ होता. ज्याला पट्टा नको त्याचा बझर मी बंद करतो. पुढे कपाळ फुटलं तर त्याचं, पोलिसांनी 1000 रुपये दंड केला तर त्याचा. आबा पाडव्याला नवी गाडी घेऊन मोकळे झाले, माझी गाठ मात्र गाडीबरोबर पुढे गेली. आणि फुगा बंद पडला तो कोणाचा, तर न चुकता पट्टा लावणाऱ्या बाईचा.

त्यांना एक गोष्ट नीट माहीत नव्हती, ती सांगितली. फुगा हा पट्ट्याचा पर्याय नाही. स्टिअरिंगवर एसआरएस लिहिलेलं असतं, त्यातल्या पहिल्या एसचा अर्थच पूरक. मूळ काम पट्ट्याचं. फुगा डोळा मिटायच्या आत फुगतो, सेकंदाच्या वीसाव्या भागाच्या आत. पट्टा नसलेला माणूस तोवर पुढे फेकला गेलेला असतो आणि फुगणाऱ्या फुग्यावरच आदळतो. 50 च्या वेगानं भिंतीवर जाणं म्हणजे 10 मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडणं. हातानं स्टिअरिंग धरून ते कोणी सावरू शकत नाही, पैलवान असला तरी. आज सगळ्या गाड्यांत असतो तो तीन ठिकाणी अडकणारा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोहलिन या इंजिनिअरनं 1959 मध्ये केला आणि कंपनीनं पेटंट सगळ्यांना खुलं करून टाकलं. त्यांनी फुकट दिलं, ते चुकवायचे आम्ही पैसे घेत होतो.

"किती घेतले होते?" ताईंनी विचारलं.

"तीनशे."

"एवढेच?"

कमी घेतले म्हणून त्यांना वाईट वाटलं की इतक्या कमी पैशात मी हे केलं म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

त्या वायरीला परत जॉइंट मारायचा नाही एवढं ठरवलं. भाच्याला मुंबई नाक्याजवळच्या पार्टवाल्याकडे पिटाळलं. नशिबानं बकल स्टॉकमध्ये होतं, कपलरसकट, 1,850 रुपये. ते माझ्या खिशातून गेले, ताईंनी आग्रह केला तरी. रेझिस्टन्स काढला, नवं बकल कंपनीच्या कपलरला खटकन बसवलं, नट आवळले, बॅटरी जोडली, कोड पुसला. चावी फिरवली. लाल माणूस आला, काही सेकंद बसला आणि गेला.

ताई म्हणाल्या, "वाजवून दाखवा."

पट्टा न लावता गाडी फाट्याच्या सर्व्हिस रोडला थोडी पुढे घेतली. आधी नुसतं चिन्ह, मग टुंग, टुंग, टुंग. मी ब्रेकवर पाय ठेवून बसलो. त्या बाहेर उभ्या राहून ऐकत होत्या, घंटा वेळेवर झाली का ते बघावं तशा. मग म्हणाल्या, "झालं. आता लावा पट्टा." मी लावला.

संध्याकाळी आबांना फोन केला. गाडीचं सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाईमाणूस आहे का? माझ्याकडून निरोप सांग, चुकलं म्हणावं."

"आबा, नव्या गाडीचं काय?"

"तिचं पाडव्यालाच झालं. तुझं दुकान बंद होतं त्या दिवशी. तुझ्या पलीकडे चौथ्या गाळ्यात तो पोरगा आहे बघ, त्यानं केलं. दोनशेच घेतले."

"घेऊन या. मी मोकळं करून देतो. पैसे नकोत."

"बघू," आबा म्हणाले. "आत्ता छाटणी चालू आहे."

चौथ्या गाळ्यातला पोरगा तीन वर्षं माझ्याकडे होता. जॉइंटवर दोरा बांधायला त्याला मीच शिकवलं. रंग कुठला वापरतो, ते कधी पाहिलं नाही.