तुम्ही विचारलंत म्हणून : दोघांनी आगगाडीने स्कॅन्डिनेव्हिया, परवडेल का?

जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत अठरा दिवस आम्ही दोघे डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे असे आगगाडीने फिरून आलो, त्याला आता दोन वर्षे होत आली. तेव्हापासून ठाण्यातील आमच्या सोसायटीत, लग्नकार्यांत, एकदा तर दंतवैद्याकडे नंबर येण्याची वाट पाहत बसले असताना मला एकच प्रश्न विचारला गेला आहे : ‘इतक्या महागड्या देशांत तुम्ही दोघे कमी खर्चात कसे फिरलात?’ मी एखाद्या जादुई पासाचे नाव सांगेन अशी विचारणाऱ्यांची अपेक्षा असते. मी व्यवसायाने हिशेबनीस आहे आणि या प्रवासाची वही अजून माझ्याकडे आहे. ती पुन्हा चाळल्यावर मला दिसते ते असे की आमचा तीन चतुर्थांश खर्च मार्च संपण्याच्या आत घरच्या जेवणाच्या टेबलावर ठरून गेला होता आणि तिकडे गेल्यावर केलेल्या काटकसरीने त्यात फारसा फरक पडला नाही.

जोडप्याचा हिशेब एकट्या प्रवाशाच्या हिशेबापेक्षा वेगळा असतो, हे आधी लक्षात घ्यावे लागते. खोलीचे भाडे दोघांत विभागले जाते, गाडीचे भाडे मात्र दुप्पट होते. म्हणून दर दोन दिवसांनी गाव बदलणारा प्रवास दोघांना महाग पडतो आणि एका ठिकाणी पाच-सहा रात्री राहून आसपास फिरणारा प्रवास स्वस्त पडतो. माझ्या पतींनी पहिल्या आराखड्यात नऊ गावे लिहिली होती, मी ती पाचावर आणली आणि त्यावरून आमच्यात दोन दिवस अबोला होता. शेवटी ठरले ते असे : कोपनहेगनला विमानाने उतरायचे, पण राहायचे पूल ओलांडून स्वीडनमधील माल्मो येथे, तीन रात्री, मग स्टॉकहोमला सहा, ऑस्लोला तीन, व्हॉस या लहान गावी तीन, बर्गनला एक आणि शेवटची रात्र बर्गनहून ऑस्लोला येणाऱ्या गाडीत. विमानाचे तिकीट कोपनहेगनला उतरून ऑस्लोहून परतण्याचे काढले, त्यामुळे गाडीने उलटे मागे येण्याचा एक पूर्ण दिवस आणि दोन तिकिटे वाचली.

माल्मोची निवड अनेकांना विचित्र वाटते. कोपनहेगनच्या विमानतळाचे स्थानक माल्मोकडे जाणाऱ्या मार्गावरच आहे. २००० साली सुरू झालेल्या ओरेसुंड पुलावरून गाडी जाते आणि अर्ध्या तासाच्या आत-बाहेर तुम्ही स्वीडनमध्ये असता. खोल्या तिथे बऱ्याच स्वस्त मिळाल्या. अर्थात रोज दोघांनी कोपनहेगनला जाऊन-येऊन केले तर पुलावरचे भाडे ती बचत खाऊन टाकते, म्हणून आम्ही कोपनहेगनसाठी एकच लांबलचक दिवस ठेवला. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असल्यामुळे तो एक दिवस दीड दिवसासारखा वापरता आला.

आता पासाविषयी. युरोपबाहेर राहणाऱ्यांना युरेल पास घेता येतो आणि त्यात महिनाभरात ठरावीक दिवस, उदाहरणार्थ चार, पाच किंवा सात दिवस, प्रवास करण्याची मुभा असते. ऐकायला हे फार सोयीचे वाटते. परंतु स्वीडनच्या वेगवान गाड्यांत पास असला तरी आसनाच्या आरक्षणाचे पैसे वेगळे द्यावे लागतात आणि जोडप्यांसाठी पूर्वी जी एकत्रित सवलत असे ती आता नाही, म्हणजे दोघांचे दोन पूर्ण पास घ्यावे लागतात. आमच्या प्रवासात लांब पल्ल्याचे टप्पे होते पाचच : माल्मो ते स्टॉकहोम, स्टॉकहोम ते ऑस्लो, ऑस्लो ते व्हॉस, व्हॉस ते बर्गन आणि बर्गन ते ऑस्लो. त्यातला व्हॉस ते बर्गन हा तर जेमतेम सव्वा तासाचा. स्वीडनमधील गाड्यांचे भाडे विमानासारखे मागणीनुसार चढते आणि नॉर्वेत प्रत्येक गाडीत स्वस्त दराची मोजकी तिकिटे असतात, ती संपली की पूर्ण भाडे द्यावे लागते. विक्री सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत घेतलेल्या आमच्या दोघांच्या पाचही टप्प्यांच्या तिकिटांची बेरीज दोन पासांच्या किमतीपेक्षा स्पष्टपणे कमी आली. ज्यांना तारखा ठरवता येत नाहीत, किंवा जे तीन आठवड्यांत दहा टप्पे करणार आहेत, त्यांनी खुशाल पास घ्यावा. बाकीच्यांसाठी पास म्हणजे निश्चिंतपणाची किंमत आहे. नॉर्वेतील सर्व रेल्वे कंपन्यांची तिकिटे एन्तूर या एकाच संकेतस्थळावर मिळतात, ही माहिती मला फार उशिरा कळली. आणि एक बारीक गोष्ट : आपल्या कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करून ठेवा, नाहीतर स्वस्त तिकीट डोळ्यांसमोर असूनही पैसे जात नाहीत आणि पुन्हा प्रयत्न करेपर्यंत भाडे वाढलेले असते.

आपल्या लोकांसाठी खरी अडचण वेगळीच आहे आणि ती युरोपीय लेखकांच्या सल्ल्यांत कुठेही सापडत नाही. स्वस्त तिकिटे परत करता येत नाहीत, आणि व्हिसा हातात नसताना परत न होणारी तिकिटे काढणे म्हणजे जुगार. व्हिसा येईपर्यंत थांबावे तर स्वस्त तिकिटे संपलेली असतात. यावरचा उपाय असा की शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा तो लवकर करावा. आम्ही फेब्रुवारीत अर्ज केला. त्यासोबत रद्द करता येणारी निवासाची आरक्षणे, प्रवासाचा आराखडा आणि किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा जोडला. व्हिसा मार्चमध्ये आला, आणि नेमक्या त्याच सुमारास जूनच्या गाड्यांची विक्री सुरू होत होती. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा याबद्दलही गोंधळ असतो. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे तो करायचा, जिथे उतरणार त्या देशाकडे नव्हे. आमच्या नऊ रात्री स्वीडनमध्ये होत्या आणि आठ नॉर्वेत, म्हणून कोपनहेगनला उतरणार असूनही अर्ज स्वीडनकडे गेला. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे एकच व्हिसा तिन्ही देशांना पुरतो. चलने मात्र तीन वेगवेगळी आहेत. तिन्हींच्या नावांत क्रोन किंवा क्रोना असले तरी भाव सारखे नाहीत, डॅनिश क्रोन सर्वांत महाग. रोख रक्कम आम्ही जवळजवळ वापरलीच नाही, सार्वजनिक स्वच्छतागृहाचे पैसेसुद्धा कार्डाने द्यावे लागतात.

निवासाबाबत ‘होस्टेल’ या शब्दाने घाबरू नये. तिथे दोघांची स्वतंत्र खोली मिळते आणि सामायिक स्वयंपाकघर असते. मात्र चादर आणि उशीचा अभ्रा अनेकदा वेगळ्या भाड्याने घ्यावा लागतो, आणि निघताना खोली स्वतः झाडून द्यायची नसेल तर सफाईचेही पैसे पडतात. आम्ही घरून दोन सुती चादरी आणि दोन अभ्रे नेले होते. पोहे, भाजणी, मेतकूट आणि मसाला नेला. तूप नेऊ नये, कारण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणण्यास तिथे मनाई आहे. पाणी नळाचे प्यावे. स्वीडनमध्ये आठवड्याच्या कामाच्या दिवसांत दुपारचे जेवण रात्रीपेक्षा पुष्कळ स्वस्त असते आणि त्यात सॅलड, पाव व कॉफीही येते, तेव्हा बाहेर जेवायचेच असेल तर दुपारी जेवावे. मध्योन्हाळ्याचा सण १९ ते २५ जूनच्या दरम्यान शुक्रवारी येतो, त्या दिवशी अर्धे स्टॉकहोम गावाकडे निघून जाते आणि बरीच दुकाने बंद असतात. ही तारीख पाहूनच आम्ही त्या आठवड्यात प्रवासाचा एकही टप्पा ठेवला नव्हता. आदल्या दिवशी स्थानकावरची गर्दी पाहून मला आपल्या गणपतीच्या कोकण गाड्यांची आठवण झाली.

ज्या मार्गासाठी हा सगळा खटाटोप करावा, तो ऑस्लो–बर्गन मार्ग १९०९ साली पूर्ण झाला आणि त्यावरून जायला साधारण सात तास लागतात. ऑस्लोहून निघाल्यावर पहिले दोन-अडीच तास शेते, तळी आणि पाइनची झाडी असते, सुंदर पण सौम्य. मग झाडे हळूहळू बुटकी होत जातात आणि एका क्षणी झाडेच संपतात. फिन्से हे स्थानक समुद्रसपाटीपासून १,२२२ मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही कमी, आणि तरीही जूनच्या अखेरीस तिथे जागोजागी बर्फ साचलेले होते आणि पलीकडे हिमनदी दिसत होती. या स्थानकापर्यंत मोटाररस्ता नाही. गाडी तिथे थांबल्यावर काही प्रवासी पाठीवर पिशव्या घेऊन शांतपणे उतरले आणि बर्फाच्या दिशेने चालू लागले. आम्ही डब्यातच बसून राहिलो, कारण आमचे तिकीट त्याच गाडीचे होते. स्वस्त तिकिटाची ही खरी किंमत आहे, ती हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

बर्गनऐवजी व्हॉसला मुक्काम करण्याचे कारण हेच की उन्हाळ्यात बर्गन महाग असते आणि व्हॉस त्याच मार्गावर आहे. तिथून मुर्डाल स्थानकाला जाऊन आम्ही फ्लोम या गावाकडे उतरणारा रेल्वेचा फाटा पकडला. हा वीस किलोमीटरचा मार्ग ८६६ मीटरवरून थेट फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या, काठी उतरतो आणि त्याचा चढ काही ठिकाणी १८ मीटरला १ मीटर आहे. आपला बोरघाट ३७ला १ आहे आणि तिथे गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात, हे सांगितल्यावर त्या चढाची कल्पना यावी. भाडे मात्र अंतराच्या मानाने अवाच्या सवा आहे. आम्ही उतरताना गाडीने गेलो आणि परतीचा पर्याय म्हणून बसने व्हॉसला आलो. पाय धड असलेल्या जोडप्याने मुर्डालहून चालत उतरावे, वाट सोपी आहे आणि पैसे लागत नाहीत.

फसलो ते स्टॉकहोम–ऑस्लो टप्प्यावर. खिडकीच्या दोन जागा मोठ्या हौसेने निवडल्या होत्या. प्रत्यक्षात वाटेतल्या एका स्थानकावर सर्वांना उतरवून बसमध्ये बसवण्यात आले, कारण पुढे रुळांचे काम चालू होते. त्याची सूचना मे महिन्यातच स्वीडिश भाषेत ईमेलने आली होती आणि मी ती जाहिरात समजून उघडली नव्हती. हिवाळ्यात जमीन गोठलेली असते आणि जुलैत नोकरदार सुट्टीवर असतात, म्हणून तिकडे अशी कामे नेमकी उन्हाळ्यात काढतात. तेव्हा निघण्याच्या आठवड्यात प्रत्येक टप्पा पुन्हा तपासा, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन गाड्या एकाच दिवशी जोडू नका. पहिली चुकली तर दुसरीचे पैसे कोणी देत नाही.

रात्रीच्या गाडीबद्दल जोडप्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नॉर्वेत शयनयानाचा संपूर्ण कक्ष विकला जातो, अनोळखी प्रवासी आत येत नाही. कक्षात दोन बर्थ असतात आणि एकटा प्रवासीही तेवढेच जादा पैसे देतो. बर्गनमध्ये दिवसभर फिरून, सामान स्थानकाच्या लॉकरमध्ये ठेवून, रात्री आम्ही त्या कक्षात झोपलो आणि सकाळी ऑस्लोला उतरून विमानतळ गाठला. बर्गनमधील आणखी एका रात्रीच्या भाड्यापेक्षा हे स्वस्त पडले.

मध्यरात्रीच्या सूर्याबद्दलही हटकून विचारले जाते. तो आम्ही पाहिला नाही. त्यासाठी स्टॉकहोमहून नार्विकची रात्रीची गाडी आहे, अबिस्कोच्या राष्ट्रीय उद्यानावरून जाणारी. पण तिथे जायला अठरा तासांहून अधिक लागतात आणि नार्विक नॉर्वेच्या उर्वरित रेल्वेला जोडलेलेच नाही. पुढे दक्षिणेकडे यायचे तर बसने फाउस्के गाठून ट्रॉन्हाइमची गाडी धरावी लागते, तो आणखी एक अख्खा दिवस. तीन आठवडे हाताशी असतील तर माल्मो आणि कोपनहेगन गाळा, विमानाने थेट स्टॉकहोमला उतरा आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्याच्या आत उत्तरेकडे निघा, त्यानंतर तिथेही सूर्य मावळायला लागतो.