नाइस, गुड आणि बरका फणस

गुहागरजवळ आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. त्याची इंग्रजी माहिती मीच लिहिली होती: नाइस रूम, नाइस बीच, टेस्टी फूड, व्हेरी नाइस व्ह्यू. पुण्याच्या भाचीने ती वाचली आणि म्हणाली, "मामा, सगळंच नाइस आहे, मग तुझ्याकडे नेमकं आहे काय?" मला रागच आला. आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. एवढं लिहिलं हेच खूप, असा माझा हिशेब.

त्याच मे महिन्यात एका परदेशी पाहुण्यांनी कापा आणि बरका फणसातला फरक विचारला. मराठीत मी अर्धा तास बोललो असतो. इंग्रजीत तोंडातून निघालं, "धिस इज गुड. दॅट इज ऑल्सो गुड." ते हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान डोलावली.

मग मनावर घेतलं. विशेषणांचं एक जाडजूड पुस्तक आणलं, रोज दहा शब्दांची घोकंपट्टी. पंधरा दिवसांत दीडशे शब्द झाले, त्यातला एकही फणसाच्या कामाचा नव्हता. 'मॅग्नॅनिमस' मी म्हणणार कुणाला, पाण्याच्या टँकरवाल्याला?

पुस्तक माळ्यावर टाकलं आणि उलट्या बाजूने सुरुवात केली. शंभर पानी वही घेतली. समोर जे दिसेल, चाखू, हाताळू, त्याचं आधी मराठी विशेषण लिहायचं. आपल्याकडे तोटा कुठे आहे! कुरकुरीत, खुसखुशीत, लुसलुशीत, तुरट, दाटसर. मग त्याला इंग्रजी जोडीदार शोधायचा. पापड 'क्रिस्प', चकली 'क्रंची', नानकटाई 'क्रम्बली'. आवळ्याच्या तुरटपणाला 'अ‍ॅस्ट्रिंजंट'. काळ्याकुट्टला 'पिच ब्लॅक' सापडला तेव्हा फार आनंद झाला, कारण त्यातलं पिच म्हणजे चक्क डांबर.

त्यासाठी ऑक्सफर्डचा, इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश घेतला. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तो मुळात तयार केला आणि १९४२ साली तो तिथेच प्रथम छापला गेला. म्हणजे आपल्यासारख्या परक्यांसाठीच. त्यात प्रत्येक शब्दाखाली वाक्यं असतात. ती वाचताना कळलं की विशेषण एकटं पाठ करण्यात अर्थ नाही, नामाशी जोडी लावूनच लिहायचं. मोठा पाऊस 'बिग रेन' नाही, 'हेवी रेन'. कडक चहा 'हार्ड टी' नाही, 'स्ट्राँग टी'. असं का, म्हणून डोकं खाजवत बसू नये. आपण तरी वाऱ्याला मुसळधार कुठे म्हणतो?

हे कळेपर्यंत एक फजिती होऊन गेली होती. बरक्याच्या ताटलीपाशी मी हौसेने चिठ्ठी ठेवली: 'सॉफ्ट, स्वीट अँड स्लायमी'. अर्थ म्हणाल तर बरोबर, बुळबुळीत. दोन टेबलांवर एका गऱ्यालाही कुणी हात लावला नाही. घाईत खालची वाक्यं वाचलीच नव्हती. हा शब्द गोगलगाईला आणि शेवाळाला लावतात! आता तिथे 'सिल्की' आहे, आणि कापा 'फर्म'.

दुसरी पंचाईत आमच्या पाटीची. 'होमली फूड' वाचून एक अमेरिकन बाई खुदकन हसल्या. इंग्लंडात 'होमली' म्हणजे घरगुती, साधं, ऊबदार. अमेरिकेत मात्र दिसायला बेताचं. कोकणात अशा पाट्या जागोजागी दिसतात, म्हणून मी एकटा वेडा ठरलो नाही एवढंच. आमच्या पाटीवर आता 'होम-कुक्ड' आहे.

खोलीचं वर्णन सर्वात शेवटी बदललं. 'नाइस रूम' खोडून लिहिलं: 'थिक लॅटराइट वॉल्स, कूल इव्हन अ‍ॅट नून.' जांभ्याच्या जाड भिंती, भर दुपारीही गार. खोली छान आहे की नाही, हे पाहुण्यांनी ठरवावं.

वहीतलं एक पान मात्र अडून बसलंय. वर 'खमंग' लिहिलंय, खाली 'अरोमॅटिक' खोडलेलं, 'टोस्टी' खोडलेलं, 'नटी'पुढे प्रश्नचिन्ह. परवा बायको थालीपीठ लावत होती तेव्हा वही घेऊन तव्याशेजारी उभा राहिलो. ती म्हणाली, "अहो, आधी खा, मग लिहा."