क्रियापदाच्या आधी

माझा डावा हात लोडशेडिंगमध्ये घडला. वीसेक वर्षांपूर्वी रावेरला डीटीपीच्या दुकानात बसायचो, तेव्हा लाइट कधी जाईल याचा नेम नसायचा. यूपीएस होता, पण माझ्या सायकलच्या ब्रेकसारखा, नावापुरता. एकदा सोसायटीचा बारा पानी अहवाल शेवटच्या ओळीवर असताना गेला आणि त्या दिवसापासून बोटांनी कंट्रोल-एसचा, म्हणजे लिहिलेलं जपून ठेवायच्या बटणांचा, वसाच घेतला. वाक्य संपायची वाट बघायची नाही. 'आणि' लिहिलं की एस, स्वल्पविराम दिला की एस.

आता मी केळी उत्पादकांच्या एका गटाचा पत्रव्यवहार बघतो. आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-एस म्हणजे मसुदा जपून ठेवणं आणि ऑल्ट-एस म्हणजे मेल रवाना. दोघांच्या मध्ये फक्त एक विंडोजचं बटण. त्यात नव्या लॅपटॉपवर कोपऱ्यात कंट्रोलऐवजी एफएन येऊन बसलंय, म्हणजे सगळं बिऱ्हाड एकेक घर उजवीकडे सरकलेलं. अंगठा कुठे पडेल याची हमी अंगठाच देऊ शकत नाही.

टिश्यूकल्चरची रोपं कमी आली म्हणून पुरवठादारांच्या साहेबांना लिहीत होतो. वाक्य असं होणार होतं: 'आपण आम्हाला मूर्ख समजत नसाल अशी खात्री आहे.' जरा तिरकस, पण सभ्य. 'मूर्ख'पाशी हाताला सवयीने एस आठवला. मेल गेला. वर 'सप्रेम नमस्कार', मध्ये 'आपण आम्हाला मूर्ख', आणि खाली आपोआप चिकटणारं माझं पूर्ण नाव, हुद्दा, मोबाइल नंबर.

दहा मिनिटांत साहेबांचा फोन. "पुढे काय लिहायचं होतं?" आवाज थंड. मी उरलेलं वाक्य वाचून दाखवलं. त्याने काही फार बरं झालं नाही.

मराठीत अर्धा मेल जास्त महाग पडतो, असं माझं मत झालंय. आपलं क्रियापद शेवटी आणि 'नाही' त्याच्याही मागे. 'आमचा आपल्यावर विश्वास' एवढंच गेलं, तर तो आहे की उडाला हे वाचणाऱ्याने स्वभावाप्रमाणे ठरवायचं. 'आपले पैसे बुडवण्याचा आमचा विचार' इथे तुटलं तर मग वकीलच.

कंट्रोल-एंटरची तीच गत. वर्डमध्ये त्याने नवं पान सुरू होतं, जीमेलमध्ये मेल सुटतो. अहवाल टाइप करणाऱ्या माणसाचा हात पान उलटायला जातो आणि पत्र घराबाहेर पडतं. जीमेलमध्ये टॅबचाही घोळ आहे: परिच्छेद आत सरकवायला दाबाल, तर कर्सर उडी मारून सेंडच्या बटणावर बसतो. पुढचा एंटर तुमचा नसतोच मग.

उपाय आहेत. जीमेलमध्ये पाठवलेला मेल थांबवायची मुदत मुळात 5 सेकंदांची असते, ती सेटिंगमधून 30 पर्यंत वाढवता येते. आउटलुकमध्ये प्रत्येक मेल काही मिनिटं अडवून ठेवणारा नियम लावता येतो, 120 मिनिटांपर्यंत. गेलेला मेल परत बोलवायची सोयही आहे, पण ती एकाच संस्थेच्या आतल्या आत चालते. साहेब बाहेरचे. कंट्रोल-एंटरने पाठवणं आउटलुकमध्ये बंद करता येतं. थंडरबर्ड नावाचा मेलचा प्रोग्रॅम तर पाठवू का म्हणून आधी विचारून घेतो.

आईला हे सांगितलं, तेव्हा ती मांडे करत होती. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरला होता आणि तिचं लक्ष माझ्याकडे अजिबात नव्हतं. उलट्या खापरावर मांडा टाकून झाल्यावर म्हणाली, "टाकल्यावर काय बघतो? हातावर असतो तोवर बघायचं."

आबा ओट्यावरून बोलले, "आधी पत्ता लिहितोच कशाला भो?"

खरंच की. आंतर्देशीयवर आबा आधी सगळा मजकूर लिहायचे, मग घड्या, मग डिंकाची कड जिभेवरून, आणि पत्ता सगळ्यात शेवटी. मेलने तो आणून पहिल्या ओळीत बसवला.

आता 'टू'ची जागा मी रिकामी ठेवतो. उत्तर देताना पत्ता आयता भरून येतो, तो कापून मजकुराच्या डोक्यावर चिकटवून ठेवतो. अंगठ्याची सवय गेलेली नाही. दिवसातून दोन-तीनदा पडद्यावर चौकट येते, निदान एक तरी नाव द्या म्हणून. कालची आली ती 'आपला नम्र' आणि माझं नाव यांच्या मध्येच.