जॉबची वेळ शेवटी ठरवा

सॅपवर (कंपनीचा माल, उत्पादन, खरेदी सांभाळणारं सॉफ्टवेअर) नव्याने कामाला लागलेल्या मुलांना बॅकग्राउंड जॉब, म्हणजे माणूस समोर नसताना आपोआप चालणारं काम, लावायला सांगितला की ती एसएम३६ ही जॉब लावायची स्क्रीन उघडतात आणि विचारतात, "मॅडम, किती वाजता लावू?" मी सांगते, वेळेचं नंतर बघू. हा जॉब कशाच्या मागोमाग चालायला हवा, कोणत्या युजरच्या नावाने चालणार आणि पडला तर सकाळी फोन कोणाला जाणार, हे आधी सांग. ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय मी कोणालाही जॉब रिलीज करू, म्हणजे चालायला मोकळा सोडू देत नाही.

मी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांची सॅपची कामं बघते. बहुतेक जण गाड्यांचे सुटे भाग करून मोठ्या कंपन्यांना देतात. इथला दिवस रात्रीच्या एमआरपीवर, म्हणजे कोणता माल किती आणि कधी लागेल या हिशोबावर उभा असतो. सकाळी पहिली पाळी लागायच्या आत प्लॅनरच्या हातात शॉर्टेज लिस्ट हवी. ती चुकली तर खरेदीवाले भलत्याच सप्लायरच्या मागे लागतात आणि दुपारी लाइन तिसऱ्याच पार्टसाठी थांबते.

बऱ्याच ठिकाणी ही साखळी घड्याळावर लावलेली असते. रात्री साडेबाराला दुसऱ्या पाळीचं प्रॉडक्शन बुकिंग (झालेल्या उत्पादनाची नोंद), एक वाजता एमआरपी, तीनला रिपोर्ट. महिनाभर सुरळीत चालतं, म्हणून कोणी हात लावत नाही. मग महिनाअखेर येते, बुकिंग तुंबतं. एका कारखान्यात मी नेमकं हेच बघितलं. स्टोअरमधले काका सकाळी यादी घेऊन आले. "मॅडम, हा बुश शॉर्ट दाखवतोय, आणि माझ्याकडे दोन क्रेट भरून पडलेत. खोटं वाटत असेल तर चला दाखवतो." एसएम३७, म्हणजे जॉबची स्थिती दाखवणारी स्क्रीन, उघडली तर तिन्ही जॉब 'फिनिश्ड'. लाल काहीच नाही. फक्त वेळा नीट वाचल्यावर कळलं: बुकिंग १:५० ला संपलं होतं आणि एमआरपी १:०० लाच सुटला होता. अर्ध्याच स्टॉकवर त्याने हिशोब मांडला, रिपोर्टही वेळेवर निघाला, आणि सगळी यादी चुकली.

अशी चूक मला डंपपेक्षा, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच कोसळण्यापेक्षा, जास्त धोकादायक वाटते. डंप एसटी२२ या स्क्रीनमध्ये सापडतो. ही चूक काकांनी क्रेट मोजले म्हणून सापडली.

उपाय सॅपमध्ये पहिल्यापासून आहेत, लोक ती बटणं दाबतच नाहीत एवढंच. एकदाच चालवायचं काम असेल तर 'आफ्टर जॉब' निवडायचं आणि स्टेटस-डिपेंडंटवर टिक करायची, म्हणजे आधीचा जॉब कॅन्सल झाला तर पुढचा सुटत नाही. ती टिक करायची राहून गेली तर आधीचा कसाही संपो, पुढचा निघतो. रोजच्या साखळीसाठी मात्र मी इव्हेंट वापरते, म्हणजे आधीचं काम झाल्याचा इशारा. एसएम६२ मध्ये इव्हेंट बनवायचा, बुकिंगच्या जॉबची शेवटची स्टेप म्हणून तो इव्हेंट उठवणारा छोटा प्रोग्रॅम टाकायचा आणि एमआरपीचा जॉब त्या इव्हेंटवर लावायचा. आधीची स्टेप कॅन्सल झाली तर शेवटची चालतच नाही, त्यामुळे इव्हेंटही उठत नाही. ग्राहकाची शेड्यूलची फाइल बाहेरून येत असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमवरून 'सॅपईव्हीटी' या कमांडनेही इव्हेंट उठवता येतो. इथे 'पिरिऑडिक जॉब'ची टिक विसरू नका. ती नसेल तर जॉब पहिल्या रात्री चालतो, दुसऱ्या रात्री चालत नाही, आणि आदल्या दिवशी सगळं तपासून पाहिलेलं असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही.

साखळीतला पहिला जॉब घड्याळावर राहणारच. तिथे 'नो स्टार्ट आफ्टर', म्हणजे या वेळेनंतर सुरूच करू नको, हा रकाना अवश्य भरा. सर्व्हर मेंटेनन्ससाठी रात्रभर बंद राहिला की वेळ उलटून गेलेले सगळे जॉब सिस्टिम वर आल्या आल्या एकदम सुटतात. सकाळी आठला, लोक एंट्री करत असताना एमआरपी सुटला तर लॉकवर लॉक बसतात, एकाचं काम दुसऱ्याला अडवतं. मोठा डाउनटाइम असेल तर बेसिसवाल्यांना (सॅपची सिस्टिम सांभाळणाऱ्यांना) 'बीटीसीटीआरएनएस१' हा प्रोग्रॅम चालवायला सांगा. त्याने रिलीज केलेले जॉब बाजूला ठेवले जातात आणि नंतर 'बीटीसीटीआरएनएस२'ने परत येतात. बरोब्बर बाराचा ठोकाही टाळा, तिथे आधीच गर्दी असते. १२:१७ ला कोणाचीच हरकत नसते. घाईच्या कामाला क्लास ए, म्हणजे सगळ्यात वरचं प्राधान्य द्या, पण सगळेच जॉब ए केले तर त्याला अर्थ उरत नाही. शिवाय ए जॉब चालू असलेल्या दुसऱ्या जॉबला बाहेर काढत नाही, त्याला फक्त रांगेत पुढे जागा मिळते.

सुट्ट्यांचा विषय पुण्यात वेगळाच आहे. आमच्या काही कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि रविवारी तिन्ही पाळ्या चालतात. कॅलेंडर मात्र कुठल्या तरी जुन्या टेम्प्लेटमधून आलेलं, शनिवार-रविवार बंद. जॉबवर 'सुट्टीच्या दिवशी चालवू नका' असं बंधन घातलं की तो कामाच्या रविवारी गप्प बसतो आणि गुरुवारी रिकाम्या शॉपफ्लोअरसाठी प्लॅनिंग करतो. फॅक्टरी कॅलेंडर एससीएएल या स्क्रीनमध्ये दुरुस्त करायचं. दिवाळी, अनंत चतुर्दशी यांची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते, म्हणून त्या 'फ्लोटिंग' सुट्ट्या म्हणून दर वर्षाच्या तारखेसह हाताने भराव्या लागतात. विसर्जनाच्या दिवशी शहरातले रस्ते बंद, माल हलत नाही, हे सॅपला आपण सांगितल्याशिवाय कळायचं नाही. मी डिसेंबरमध्ये एचआरकडून पुढच्या वर्षाची सुट्ट्यांची यादी मागून घेते आणि त्याच आठवड्यात भरून टाकते.

आता युजर. जॉब ज्याने लावला त्याच्याच आयडीवर स्टेप चालत राहते, कारण ते रकाने आपोआप भरलेले येतात आणि कोणी बदलत नाही. तो माणूस नोकरी सोडतो, एचआरचं पत्र येतं, आयटीवाले नियमानुसार आयडी लॉक करतात आणि त्या रात्रीपासून त्याचे सगळे जॉब कॅन्सल. लॉगमध्ये एकच ओळ असते: स्टेप सुरू करताना अमुक युजरचं लॉगऑन झालं नाही. हिंजवडीत लोक किती भराभर कंपन्या बदलतात हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून स्टेपसाठी 'सिस्टिम' प्रकारचा वेगळा युजर ठेवा. त्याच्यावर कोणाला स्क्रीनवर लॉगइन करता येत नाही आणि पासवर्ड मुदत संपून अडत नाही. पण त्याला 'सॅप ऑल', म्हणजे सगळेच अधिकार, देऊन मोकळं होऊ नका. एमआरपीच्या युजरला एमआरपीपुरतेच अधिकार हवेत. ऑडिटवाले विचारतील म्हणून नाही, रात्री अडीचला तो युजर काय काय करू शकतो याचा विचार करून.

व्हेरिएंटमधल्या, म्हणजे जॉबसाठी आधीच भरून ठेवलेल्या निवडींमधल्या, तारखाही तपासा. 'आजची तारीख' म्हणून हाताने टाईप केलेली तारीख व्हेरिएंटमध्ये तशीच गोठून राहते. सिलेक्शन व्हेरिएबलमध्ये 'डी' निवडून तारीख चालू दिवसावरून मोजायला लावा. जर्मनीतल्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक: जॉब सर्व्हरच्या घड्याळाने चालतो. आपल्यापेक्षा तो हिवाळ्यात साडेचार तास मागे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे रात्री दोन ते तीन हा तास दोनदा येतो आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी येतच नाही. त्या तासात जॉब लावू नका.

आणि 'फिनिश्ड'वर विसंबू नका. त्याचा अर्थ प्रोग्रॅम शेवटपर्यंत पोहोचला, एवढाच. बुकिंगच्या जॉबमध्ये चाळीस कन्फर्मेशन (उत्पादन पूर्ण झाल्याच्या नोंदी) झाली आणि त्यातल्या सातांचा कच्चा माल स्टॉकमधून वजाच झाला नाही, तरी जॉब फिनिश्डच दिसतो. ती सात कोगीत, म्हणजे अडकलेल्या मालाच्या नोंदींच्या यादीत, जाऊन बसतात आणि कोणी उघडेपर्यंत बसून राहतात. म्हणून आमच्याकडे सकाळची तपासणी एसएम३७ वर थांबत नाही. आधी तिथे सुरू झाल्याच्या आणि संपल्याच्या वेळा बघायच्या, मग कोगी, मग बॅच इनपुट (गठ्ठ्याने आपोआप भरल्या जाणाऱ्या एंट्री) असेल तर एसएम३५ मधली अडकलेली सेशन्स, शेवटी एमआरपीची यादी उघडून ओळखीचे दोन पार्ट स्टोअरला फोन करून पडताळायचे. हे सगळं रात्रपाळीचा सुपरवायझर गेटबाहेर पडायच्या आत उरकायचं, कारण काल रात्री नेमकं काय झालं हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं.