तुम्ही विचारलंत म्हणून: दारातली पद्मिनी कुठून उघडायला घ्यायची?

"आजोबांची प्रीमियर पद्मिनी आठ-दहा वर्षं दारात उभी आहे. घरीच, स्वतःच्या हातानं चालू करायची इच्छा आहे, पण पाना कधी धरलेला नाही. आधी इंजिन उघडू का?"

थोड्याफार फरकानं हाच प्रश्न नेहमी येतो. उत्तर असं की इंजिन आधी उघडू नका. आधी पत्रा तपासा, मग ब्रेक पूर्ण करा, इंजिन शेवटी. आणि सगळी गाडी एकदम कधीच सुटी करू नका. एक काम उघडा, ते पुरं करून बसवा, मगच पुढचं घ्या. इंजिन बाहेर, सामान गोण्यांमध्ये आणि खाली फ्लोअर कुजलेला अशा अवस्थेत कितीतरी गाड्या भंगारात गेल्या आहेत.

शिकायला ही गाडी उत्तम आहे. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कार्बोरेटर, ठिणगीसाठी साधे पॉइंट, मागच्या चाकांना ताकद आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. इलेक्ट्रॉनिक काही नाही. मूळ फियाटची असल्यामुळे नटबोल्ट मिलिमीटरचे आहेत, म्हणजे बाजारात मिळणारा साधा पान्यांचा सेट चालतो. अँबॅसिडरला इंचाचे पाने लागतात.

पत्रा आधी का, तर या गाडीला वेगळी चासी नाही. फ्लोअर, दरवाजांखालची सिल आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर जिथे बसतात तो भाग, हाच तिचा सांगाडा. गालिचे आणि सीट काढा. जाड स्क्रूड्रायव्हरनं फ्लोअर, सिल आणि हँगरच्या भोवती दाबून बघा. चांगला पत्रा टणक आवाज देतो, कुजलेल्यात टोक आत जातं. बाहेरून कपड्यात गुंडाळलेलं चुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्यावर लांबी, म्हणजे पुटी, भरलेली आहे. दरवाजा मध्येच खाली बसत असेल किंवा फटी वर-खाली वेगळ्या दिसत असतील, तर सिलनं दम सोडलेला आहे. खर्चाचा निर्णय इथेच घ्या. फ्लोअरचे दोन तुकडे बदलायचे असतील तर काम हौसेनं होतं. दोन्ही सिल आणि दोन्ही हँगर गेले असतील, तर ते कसलेल्या टिंकरचं, म्हणजे पत्राकाम करणाऱ्या कारागिराचं काम आहे.

सिल कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवा अँगल टाचून घ्या आणि फटींची मापं लिहून ठेवा. दोन्ही बाजू एकाच वेळी कापल्या तर बॉडी मधून वाकते आणि दरवाजे पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. फ्लोअरला २० गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा, सिलसारख्या भार घेणाऱ्या भागाला १८ गेज. गॅस वेल्डिंगनं पातळ पत्रा तापून लाटा धरतो, ०.८ मिमी तारेचं मिग (विजेवर, सतत सरकणाऱ्या तारेनं होणारं) वेल्डिंग घ्या. एक सलग रेघ ओढायची नाही. सेंटिमीटरभर टाका घाला, लांब दुसरीकडे जाऊन पुढचा घाला, पत्रा निवू द्या. त्याआधी बॅटरी काढलेली आणि पेट्रोल टाकी गाडीबाहेर हवी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आतली वाफ पेट घेते. टाकीला घरी वेल्डिंग करूच नका.

घासून उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी प्राइमरखाली गेला पाहिजे. कोकणात, मुंबईत पावसाळी हवेत एका रात्रीत त्यावर तांबूस थर येतो. साधं रेड ऑक्साइड ओल आत शोषतं, म्हणून खालच्या बाजूला एपॉक्सी प्राइमर मारा. चासी नंबर कोरलेल्या जागेवर मात्र ग्राइंडर, वेल्डिंग, लांबी काही लागू देऊ नका. आरसी बुकावरचा नंबर तिथे जुळला नाही, तर आरटीओत नूतनीकरण अडतं. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी करावी लागते. ती संपलेली आहे का, हे पत्र्याला हात लावायच्या आधी बघा.

गाडीखाली जाताना जॅकवर भरवसा नको. लोखंडी घोडी लावा. विटा तर मुळीच नको, त्या न सांगता फुटतात.

ब्रेकवर कंजुषी करू नका. जुन्या गाडीत ब्रेक ऑइलचं एकच सर्किट असतं, म्हणजे एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. ड्रम निघत नसेल तर हातोडा मारण्याआधी अॅडजस्टर सैल करा. शू, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, ड्रमच्या झिजलेल्या काठात अडकलेल्या असतात. आतली धूळ फुंकू नका, हवेनं उडवू नका. शूवरच्या जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. मास्टर सिलिंडर (पेडलशी जोडलेला) आणि सगळे व्हील सिलिंडर (चाकांतले) उघडा. आतल्या भिंतीला नखाला लागतील असे खड्डे असतील तर नवं रबर किट टिकत नाही, सिलिंडरच बदला. रबर पेट्रोलनं किंवा डिझेलनं धुवायचं नाही. ते फुगतं आणि पिस्टन अडकतो. ब्रेक ऑइलनंच धुवा.

ब्रेक ऑइलचे रबरी होज (नळ्या) बाहेरून चांगले दिसले तरी बदला. आतून फुगलेला होज पेडल दाबल्यावर ऑइल पुढे जाऊ देतो, पण परत येऊ देत नाही. मग चाक धरून बसतं आणि माणूस उगाच शू घासत राहतो.

ब्रेकच्या पाइपांत शिरलेली एअर (हवा) काढायला दोन माणसं लागतात. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक, म्हणजे मागचं डावं, आधी घ्या. व्हील सिलिंडरवरच्या निपलला (हवा सोडायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावा, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. एकानं पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल पाव फेरा सैल करायचा, बुडबुडे गेले की आवळायचा, आणि मगच पाय उचलायचा. पाय आधी उठला की हवा परत आत जाते. मास्टर सिलिंडरच्या वरच्या डबीतली ऑइलची पातळी सतत बघा. बाटलीत आलेलं ऑइल पुन्हा वापरायचं नाही, आणि रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्यानं धुवा.

आता इंजिन. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे इंजिन ऑइल घाला, रात्रभर थांबा. गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीचा नट पान्यानं सावकाश फिरवा. फिरला तर जुनं ऑइल काढून नवीन २०डब्ल्यू-४० भरा, आणि प्लग न लावताच ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा.

इंजिन उघडायचं की नाही हे कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर, सांगतं. चारही प्लग बाहेरच, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. चार आकड्यांत १०-१५ टक्क्यांच्या आत फरक असेल तर इंजिन उघडू नका. एखादा आकडा कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांत किंवा बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या भिंतीत), नाही चढला तर व्हॉल्व्हमध्ये. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर बहुधा हेड गॅसकेट (इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांमधलं पॅकिंग) गेलेलं असतं.

बोअर करावाच (सिलिंडर आतून कापून मोठा करावाच) लागला तर आधी ओव्हरसाईज, म्हणजे थोड्या मोठ्या मापाचे, पिस्टन विकत घ्या आणि ते लेथवाल्याच्या हातात द्या. तो पिस्टन मोजून बोअर करेल. उलट केलं की मापाचा पिस्टन शोधत फिरावं लागतं. मूळ बोअर ६८ मिमीचा आहे. क्रँकला धरणाऱ्या बेअरिंगच्या कॅप काढण्याआधी प्रत्येकीवर पंचनं खूण करा. त्या आपसांत बदलल्या तर क्रँक जाम होतो. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमानं.

टाकीतलं जुनं पेट्रोल फेका. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम कडक करून फाडतं, ओलही धरतं. पाइप आणि डायफ्राम इथेनॉलला टिकणारे घ्या. डायफ्राम फाटला तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर इंजिन चालवू नका.

सामान अजून मिळतं. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, पण टॅक्सींमुळेच ब्रेक, क्लच, गॅसकेट यांचा बाजार इतकी वर्षं टिकून राहिला. मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ला, पुण्यात नाना पेठ इथे विचारा. जुना पार्ट सोबत न्या, नावावर घेऊ नका. क्रोम पट्ट्या, काचेची रबरं, दिव्यांच्या रिंगा मात्र दुर्मीळ आहेत. त्या काढताना वाकवू नका, आणि समोर दिसल्या तर गरज नसतानाही घेऊन ठेवा.

पहिली फेरी आवारातच, पहिल्या गिअरमध्ये, ब्रेक एका बाजूला खेचतो का ते बघण्यासाठी. हेड उघडलं असेल तर इंजिन एकदा पूर्ण तापून पूर्ण निवल्यावर हेडचे नट मधल्यापासून बाहेरच्या दिशेनं पुन्हा आवळा आणि टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट पुन्हा तपासा. ५०० किलोमीटरला इंजिन ऑइल बदला, आणि त्या वेळी चारही ड्रम काढून व्हील सिलिंडर कोरडे आहेत ना, ते बघा.