पस्तीस कट्टे सोयाबीन

लातूरच्या एका गोदामात ३५ कट्टे सोयाबीन कमी भरलं आणि शेठनी काउंटरवरच्या पोराला घरी बसवलं. कॉम्प्युटर ४७२ दाखवत होता, थप्प्या मोजल्या तर ४३७. मुनीम फोनवर एवढंच म्हणाले, "साहेब, लेकरू चोर नाही हो." सॉफ्टवेअर आमचं. महिन्याभरापूर्वी मीच ते ईजेबी २ च्या एंटिटी बीन्सवरून, म्हणजे जावातून डेटाबेसशी बोलायच्या जुन्या पद्धतीवरून, जेपीए या नव्या पद्धतीवर आणलेलं. छत्रपती संभाजीनगरहून रात्रीच निघालो.

मुनिमांचं कागदी रजिस्टर चोख. त्या दुपारी जावक ३५, उरलेला माल थप्पी ७ वरून ३ वर हलवला. त्याच मिनिटाला दुसऱ्या काउंटरवर आवक ६०. कॉम्प्युटरमध्ये मात्र माल अजून थप्पी ७ वरच. तिथं माझं डोकं चाललं. चोर कट्टे नेईल, थप्पीचा आकडा कशाला मागं नेईल?

दोन लॅपटॉप शेजारी ठेवून तेच घडवून पाहिलं. दोघांनीही ४१२ वाचले. जावकेनं ३७७ लिहून कमिट, म्हणजे पक्कं केलं. आवकेच्या हातात जुनेच ४१२, तिनं ४७२ लिहिले. हायबरनेट (जेपीए चालवणारी लायब्ररी), वेगळं सांगितलं नसेल तर, अपडेटमध्ये सगळे कॉलम लिहितं, म्हणून थप्पीही परत ७ झाली. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. त्याचं डिफॉल्ट आयसोलेशन, म्हणजे एकाच वेळचे व्यवहार एकमेकांपासून किती वेगळे ठेवायचे ते, रीड कमिटेड: पक्कं झालेलं तेवढंच वाचायला मिळतं. दुसरं अपडेट पहिल्याच्या कमिटसाठी थांबतं आणि मग बिनबोभाट वर लिहून जातं. एरर कुठंच नाही.

मग जुना कोड इतके हंगाम बिनचूक कसा चालला? जावात लॉकचा एक शब्द नव्हता. तो होता जेबॉस या जुन्या सर्व्हरच्या एक्सएमएल सेटिंग फाइलमध्ये: रो-लॉकिंग, ट्रू. त्या एका ओळीमुळे प्रत्येक वाचन 'सिलेक्ट फॉर अपडेट' होत होतं, म्हणजे वाचतानाच नोंदीला कुलूप लागायचं आणि दुसरा थांबायचा. नव्या सर्व्हरला ती फाइल लागत नाही म्हणून मी ती उडवली होती. जेपीएच्या पर्सिस्टन्स फाइलमध्ये आयसोलेशनला प्रमाणित जागाच नाही, ते डेटासोर्सवरून, म्हणजे डेटाबेस जोडणीच्या सेटिंगवरून येतं. आमच्या चेकलिस्टमध्ये क्लास, क्वेऱ्या, मॅपिंग सगळं होतं. कुलूप कुठं आहे हे विचारणारा रकाना नव्हता. ज्यानं ती ओळ लिहिली त्याला कंपनी सोडताना कुणी काही विचारलं नाही, याचा मला अजून राग येतो.

ऑफिसातून सल्ला आला, आयसोलेशन सिरियलायझेबल, म्हणजे सगळ्यात कडक करून टाक. हंगामात काउंटरवर कधी न बसलेल्या माणसाचा सल्ला. त्यात दोन व्यवहार भिडले की पोस्टग्रेस ४०००१ एरर देऊन व्यवहार परत करायला लावतं, आणि आमच्या कोडमध्ये तो परत करायची सोयच नाही. बाहेर ट्रॅक्टरची रांग, आत लाल एरर. मी साठ्याच्या नोंदीवर पेसिमिस्टिक राइट लॉक लावला, म्हणजे एकाचं संपेपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं, आणि बाकीच्या टेबलांना व्हर्जन कॉलम दिला, म्हणजे जुन्या वाचनावरून कुणी लिहिलं तर ते अडतं.

शेठना दोन्ही स्क्रीन दाखवल्या. त्यांनी पोराला बोलावून घेतलं. तो आला, सगळं ऐकलं आणि मलाच विचारलं, "मंग साहेब, असं अजून किती डाव झालं असंल?"

महिन्याभराचं रजिस्टर घेऊन बसलोय, मुनीम वाचतात, मी ताडून बघतो. आत्तापर्यंत ४ नोंदी सापडल्यात.