आमची वाटचाल : ४एक्सच्या रायटरपासून

कराडात लग्नाची व्हीसीडी, म्हणजे सीडीवरचा व्हिडिओ, पहिली कोणी आणली असं विचारलं, की आज लोक भलत्याचंच नाव घेतात. म्हणून हे लिहितोय.

आमचं दुकान स्टुडिओवाल्यांच्या लग्नाच्या कॅसेट सीडीवर उतरवून द्यायचं. २००० साली आम्ही ४एक्सचा रायटर, म्हणजे चौपट वेगाने सीडी लिहिणारा ड्राइव्ह, घेतला. ८० मिनिटांची डिस्क भरायला वीस मिनिटं लागायची आणि तेवढा वेळ माउसला कोणी हात लावायचा नाही. बफर, म्हणजे लिहायचा डेटा साठवणारी ड्राइव्हची मेमरी, रिकामा झाला की डिस्क बाद. पुढे बफर रिकामा झाला तरी डिस्क वाचवणारे बर्न-प्रूफचे ड्राइव्ह आले, तेव्हा कुठे जिवात जीव आला. हात बसला तो नीरो ५.५ या बर्निंगच्या, म्हणजे डिस्क लिहिण्याच्या, सॉफ्टवेअरवर. कॅसेट कॅप्चर करायची, रात्रभर व्हीसीडीला लागणारी ३५२ बाय २८८ ची एमपेग-१ व्हिडिओ फाइल तयार होऊ द्यायची आणि सकाळी बर्निंग. फायनलाइझ (डिस्क बंद करणं) आणि व्हेरिफाय (लिहिलेलं पुन्हा तपासणं) केल्याशिवाय आमची डिस्क दुकानाबाहेर गेली नाही. ५२एक्स आले तरी लग्नं आम्ही १६एक्सवरच मारली.

२००६ मध्ये समोरच दुसरं दुकान उघडलं. दर निम्मा, डिस्क बिननावाची, स्पीड फुल्ल. एका सीझनमध्ये आमचे बहुतेक स्टुडिओ तिकडे गेले. आम्ही तेव्हा नुकताच एकदम सात डिस्क लिहिणारा सात ड्राइव्हचा टॉवर कर्जावर घेतला होता. हप्ते थकले, बँकेचा माणूस दुकानात येऊन बसू लागला. तेव्हा एकटे स्टुडिओवाले अण्णा टिकले. "दर वाढव, पण डिस्क मोझर बेअरचीच वापर," त्या नावाजलेल्या भारतीय कंपनीची, असं म्हणाले आणि पुढच्या लग्नांचे पैसे आगाऊ ठेवून गेले. त्या पैशांवर टॉवर वाचला.

पावसाळा गेला आणि समोरच्या डिस्क अडकू लागल्या. पडद्यावर नुसते चौकोन. लोक त्या घेऊन आमच्याकडे यायचे आणि वर आम्हालाच सुनवायचे की सीडी म्हणजे फसवणूक! हे अजून सलतं. परवा एका सत्कारात त्याच समोरच्या दुकानदाराला तालुक्यातले डिजिटल व्हिडिओचे जनक म्हटलं गेलं.

नंतर डीव्हीडीची काही वर्षं बरी गेली.

नीरो ७ मध्ये टीव्ही, फोटो, प्लेअर, सगळंच आलं. आम्हाला हवं होतं फक्त बर्निंग, म्हणून टॉवरच्या मशीनवर आम्ही नीरो ६च ठेवलं. साधं बर्निंग विंडोज एक्सपीतच होतं, विंडोज ७ आयएसओही (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) लिहू लागलं आणि इमगबर्न हे बर्निंगचं सॉफ्टवेअर तर फुकट. नीरो विकत घ्यायला कारणच उरलं नाही. मग पेनड्राइव्ह स्वस्त झाले, लॅपटॉपमधून ड्राइव्ह गेला. २०१८ मध्ये मोझर बेअर अवसायनात निघाली, म्हणजे कंपनी गुंडाळायचा आदेश झाला, त्या दिवशी अण्णांचा फोन आला होता.

तुमच्या घरी लग्नाची सीडी असेल तर वरच्या बाजूला बॉलपेनने लिहू नका, स्टिकर लावू नका. सीडीचा चकाकता थर लेबलच्या लगेच खाली असतो, तिथला ओरखडा पॉलिशनेही निघत नाही. डीव्हीडीचा थर मधे असतो, ती थोडी सोसते. हार्ड डिस्कवर कॉपी मात्र आजच करा, आणि दोन ठिकाणी ठेवा.

आता वकिलांना पुराव्याच्या सीडी लागतात आणि जुन्या व्हीएचएस येतात. टॉवरचे तीन ड्राइव्ह अजून चालतात.